७,०००, १४,००० की ९,४५०? अमेरिकेतल्या फॅमिली प्लॅनमधल्या खर्चमर्यादेचं एक प्रकरण

न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाचं हे २०२४ सालचं प्रकरण आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून मुलांची वयं आणि काही तपशील बदलले आहेत, आणि बेरीज सोपी व्हावी म्हणून बिलांचे आकडे गोल केले आहेत. कायद्यातल्या मर्यादा आणि मुदती मात्र जशाच्या तशा आहेत. कंपन्यांच्या बेनिफिट्स विभागात बरीच वर्षं काम केल्यामुळे ओळखीचे लोक विम्याचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यातलं हेच प्रकरण निवडलं, कारण यात विम्याचे क्लेम पाहणाऱ्या कंपनीचं गणित चुकलं होतं आणि कुटुंबाचंही. बरोबर आकडा त्यांच्या हातातल्या एकाही कागदावर नव्हता.

पार्श्वभूमी

नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाची प्रक्रिया याच कंपनीमार्फत सुरू. बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, सध्या नोकरी नाही. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. नवऱ्याची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली.

अमेरिकेत येण्याआधी तो पुण्यात नोकरी करत होता. तिथे कंपनीने कुटुंबासाठी पाच लाखांचा फ्लोटर विमा दिला होता. तिथली मर्यादा विमा कंपनीच्या खर्चाची असते: पाच लाखांपर्यंत ती देणार, त्यावरचं आपण. अमेरिकेतल्या नोकरीच्या विम्यात मर्यादा उलट्या बाजूला असते. अफोर्डेबल केअर ॲक्टनंतर, २०१४ पासून, अत्यावश्यक उपचारांवर योजनेने वर्षाला अमुक इतकेच पैसे द्यायचे असं ठरवता येत नाही. मर्यादा असते ती रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या पैशाला. तिला आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणतात. तेवढे पैसे एका वर्षात भरून झाले की नेटवर्कमधल्या (म्हणजे योजनेशी दरांचा करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या), विम्यात बसणाऱ्या उपचारांचा उरलेला सगळा खर्च योजनेचा. मासिक हप्ता त्यात धरत नाहीत.

हे त्याला ठाऊक होतं. प्रश्न होता तो ही मर्यादा एका माणसाची की घरादाराची, हा.

२०२३ च्या नोव्हेंबरात ओपन एन्रोलमेंटच्या, म्हणजे पुढच्या वर्षाची योजना निवडायच्या वेळी त्याच्यासमोर दोन योजना होत्या. एक पीपीओ (डॉक्टर निवडायची जास्त मोकळीक देणारा प्रकार), पगारातून जास्त कापणारी. दुसरी हाय डिडक्टिबल, म्हणजे योजना पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम (डिडक्टिबल) मोठी असलेली; हप्ता बराच कमी आणि कंपनी एचएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात वर्षाला १,००० डॉलर घालणार. चौघेही ठणठणीत होते, म्हणून त्याने आधीच्या चार वर्षांप्रमाणे दुसरीच घेतली. त्या घडीला हातात जेवढी माहिती होती त्यावरून हा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. योजनेची आकडेवारी अशी होती:

एकट्यासाठी डिडक्टिबल २,००० आणि कुटुंबासाठी ४,००० डॉलर. त्यानंतर नेटवर्कमधल्या खर्चाचा २० टक्के हिस्सा रुग्णाचा. आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम एकट्यासाठी ७,०००, कुटुंबासाठी १४,०००.

त्याने वाचलं ते असं: घरातल्या कुणाही एकाचा खर्च ७,००० च्या वर जाणार नाही, आणि सगळ्यांचा मिळून १४,००० च्या वर जाणार नाही. बहुतेक लोक असंच वाचतात.

काय घडलं

ऑगस्टमध्ये मुलाच्या पोटात दुखायला लागलं. पहिला दिवस आजीच्या ओव्याच्या पाण्यावर गेला, दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि रात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली. अपेंडिक्स फुटलं होतं. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. सहा दिवसांनी घरी आला, आठवड्याभरात पुन्हा ताप. पोटात पू साचला होता. दुसऱ्यांदा भरती, नळी घालून निचरा, मग शिरेतून अँटिबायोटिक्स. सप्टेंबरच्या मध्यावर तो शाळेत परतला. आज तो पूर्ण बरा आहे.

रुग्णालयाने आणि डॉक्टरांनी लावलेली एकूण किंमत २,६०,००० डॉलरच्या घरात गेली. नेटवर्कच्या करारानुसार मान्य झालेली रक्कम ९६,०००. खरं गणित या दुसऱ्या आकड्यावर चालतं, पण घरात पत्र येतं तेव्हा नजर पहिल्या आकड्यावरच जाते. त्या दोघांच्या पुष्कळ रात्री त्यापायीच गेल्या.

त्याआधी वर्षभरात बाकीच्यांचा खर्च ९०० डॉलर झाला होता: मुलीचे ३५०, बायकोचे ५५०. बायकोच्या पित्ताशयात खडे आहेत हे जुलैच्या सोनोग्राफीत कळलं होतं. सर्जनने काही महिन्यांत पित्ताशय काढून घ्या म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलाच्या सगळ्या क्लेमचे ईओबी आले. ईओबी म्हणजे योजनेने क्लेमचा हिशेब कसा लावला याचं पत्र. ते बिल नसतं. त्यांची बेरीज सांगत होती की मुलाच्या नावावर रुग्णाचा हिस्सा १३,१०० डॉलर. आधीचे ९०० धरून बरोबर १४,०००.

नवऱ्याने तोवर १०,२०० भरून टाकले होते. ३,४०० एचएसएमधून, बाकी बचतीतून. पत्र आलं की भर, असं त्याचं चाललं होतं, क्रेडिट स्कोअर बिघडेल या धास्तीने. त्या धास्तीला फारसा आधार नव्हता. २०२२ पासून तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्युरो वसुलीला गेलेलं वैद्यकीय देणंसुद्धा पहिलं वर्षभर अहवालात दाखवत नाहीत, आणि २०२३ पासून ५०० डॉलरखालचं मुळीच दाखवत नाहीत. ईओबी आणि बिल शेजारी ठेवून जुळवण्याइतका वेळ त्याच्याकडे नक्की होता.

तीन हिशेब

ती दोघं कागद घेऊन आली तेव्हा नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. "ताई, एकट्याची मर्यादा सात हजार लिहिली आहे. तेरा हजार कसे लावले?"

क्लेम पाहणाऱ्या कंपनीने फोनवर दिलेलं उत्तरही ठाम होतं. ७,००० चा आकडा ज्याने फक्त स्वतःपुरता विमा घेतला आहे त्याच्यासाठी. तुम्ही फॅमिली कव्हरेज घेतलं आहे, तुम्हाला १४,००० लागू. ते एकाने भरले की चौघांनी मिळून, याने फरक पडत नाही.

मी योजनेचा सारांश-कागद मागवला. समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज नावाचा हा कागद प्रत्येक योजनेला ठरावीक नमुन्यात द्यावाच लागतो. लोक त्यातले आकडे वाचतात आणि उजवीकडचा रकाना सोडून देतात. आउट-ऑफ-पॉकेट मर्यादेच्या ओळीत उजवीकडे दोनपैकी एक प्रकारचं वाक्य येतं. घरातल्या प्रत्येकाला आपली स्वतंत्र मर्यादा आहे आणि वर कुटुंबाची एकत्र, असं एक. घरात आणखी कुणी विम्यात असेल तर कुटुंबाची एकत्र मर्यादाच पूर्ण व्हावी लागेल, असं दुसरं. यांच्या कागदावर दुसरं होतं. म्हणजे ७,००० हा आकडा मुलासाठी नव्हताच. तेवढ्यापुरतं क्लेमवाल्यांचं बरोबर होतं.

पण कंपनीच्या योजनेचे नियम केंद्रीय कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत. सरकार दरवर्षी आउट-ऑफ-पॉकेट खर्चाची कमाल मर्यादा जाहीर करतं. २०२४ साठी ती एकट्याला ९,४५० आणि कुटुंबाला १८,९०० डॉलर होती. २०१६ साली सुरू होणाऱ्या योजना-वर्षांपासून नियम असा आहे की फॅमिली कव्हरेज असलं तरी त्यातल्या कोणत्याही एका माणसाकडून एकट्याच्या सरकारी मर्यादेपेक्षा जास्त घेता येत नाही. हा नियम छोट्या-मोठ्या, विमा कंपनीकडून घेतलेल्या आणि मालकाने स्वतःच्या पैशातून चालवलेल्या अशा सगळ्याच योजनांना लागू आहे, हे मे २०१५ मध्ये केंद्रीय खात्यांनी स्पष्ट केलं. हाय डिडक्टिबल योजनाही त्यातून सुटलेल्या नाहीत. अपवाद आहे तो मार्च २०१० च्या आधीपासून फारसा बदल न करता चालू असलेल्या जुन्या योजनांचा, आणि तशी योजना असेल तर कागदपत्रांत तसं लिहावं लागतं. इथे तसं काही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा उत्तर ९,४५०. मुलाच्या नावावर ३,६५० डॉलर जास्त लागले होते.

नवऱ्याचा चेहरा पडला, कारण ७,००० च्या हिशेबाने त्याला ६,१०० परत मिळतील असं वाटत होतं. मला ते सांगताना वाईट वाटलं, पण चुकीच्या आकड्यावर अपील केलं असतं तर ते एका ओळीत फेटाळलं गेलं असतं आणि बरोबर मुद्दा मांडायची पहिली संधी हातची गेली असती.

डिडक्टिबलबद्दलही त्याची तक्रार होती. कुटुंबाच्या ४,००० पैकी उरलेले ३,१०० एकट्या मुलाच्या बिलातून का घेतले? डिडक्टिबलला मात्र एका माणसाची अशी सरकारी मर्यादा नाही. कुटुंबाचं डिडक्टिबल एकत्र ठेवणं कायदेशीर आहे. एवढंच काय, एचएसएला पात्र असलेल्या योजनेने कुटुंबातल्या एकेकाचं वेगळं डिडक्टिबल ठेवलंच, तर ते २०२४ मध्ये ३,२०० च्या खाली ठेवता येत नव्हतं. तो मुद्दा सोडून दिला.

मर्यादेत न बसणारा खर्च

रुग्णवाहिका नेटवर्कबाहेरची होती. योजनेने मान्य केलेल्या रकमेवर तिने ६८० डॉलर वेगळे मागितले. जानेवारी २०२२ पासून लागू झालेला नो सर्प्रायझेस ॲक्ट विमान किंवा हेलिकॉप्टरने नेलं तर संरक्षण देतो, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला त्यातून वगळलं आहे. ६८० गेले ते गेलेच, आणि मर्यादेतही मोजले गेले नाहीत. ज्या वाहनात रुग्ण बिलाची चौकशी करूच शकत नाही नेमकं तेच कायद्याबाहेर राहावं, हे मला अजिबात पटत नाही.

भूल देणारा डॉक्टरही नेटवर्कबाहेरचा निघाला. त्याच्या कार्यालयाने २,१५० ची मागणी पाठवली होती. इथे कायदा कुटुंबाच्या बाजूने होता: तातडीचा उपचार, शिवाय रुग्णालय नेटवर्कमधलं. अशा वेळी रुग्णाचा हिस्सा नेटवर्कच्याच दराने लागतो आणि तो मर्यादेत मोजलाही जातो. बायकोने एक पत्र लिहिलं, मागणी मागे घेतली गेली. सुदैवाने नवऱ्याने हे बिल अजून भरलं नव्हतं.

सासूबाईंच्या रक्तदाबासाठी अर्जंट केअरला दिलेले पैसेही त्याने यादीत धरले होते. ते काढावे लागले. नोकरीच्या विम्यात सहसा जोडीदार आणि २६ वर्षांपर्यंतची मुलं बसतात. आईवडिलांचा प्रवासी विमा वेगळा, त्याचा हिशेब वेगळा.

समोरचे पर्याय

उरलेले २,९०० भरून मोकळं व्हायचं, हा पहिला पर्याय. दोघंही इतकी थकली होती की तो फार जवळचा वाटत होता.

पुन्हा फोन करायचा, हा दुसरा. याआधीच्या प्रत्येक फोनवर नवा माणूस भेटला होता आणि प्रत्येकाने पडद्यावरचा १४,००० चा आकडा वाचून दाखवला होता. फोनवरच्या माणसाला योजनेची रचना बदलायचा अधिकार नसतो.

लेखी अपील हा तिसरा. मालकाच्या योजनांना लागू असलेल्या एरिसा कायद्याखाली निर्णयापासून १८० दिवसांत अपील करता येतं. बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणीचा मार्गही असतो, पण तो मुख्यतः वैद्यकीय निर्णयाच्या वादांसाठी. हा वाद बेरजेचा होता, म्हणून त्यावर भिस्त ठेवली नाही.

चौथा पर्याय थेट एचआरकडे जाण्याचा. ही योजना सेल्फ-फंडेड होती. विम्याच्या कार्डावर मोठ्या विमा कंपनीचं नाव असलं तरी पैसे नोकरी देणारी कंपनी स्वतः देत होती, विमा कंपनी फक्त क्लेम पाहत होती. अशा ठिकाणी अंतिम शब्द मालकाचा असतो.

इथे नवरा अडला. "ग्रीन कार्ड यांच्याच हातात आहे. आत्ता कशाला नजरेत यायचं?" ही भीती मी फार घरांत पाहिली आहे आणि तिला हसण्यावारी नेता येत नाही. बायको म्हणाली, "अरे, आपण उपकार मागत नाहीये. पोराच्या नावावर जास्त घेतलेले पैसे मागतोय." बराच वेळ दोघं बोलत राहिली. मी त्यांना एवढंच सांगितलं की विम्याचा हक्क वापरला म्हणून नोकरदाराला त्रास देणं एरिसाच्या ५१० व्या कलमाने बेकायदा आहे, आणि अशी चूक वेळेत कळावी हे कंपनीच्याही हिताचं आहे, कारण नियमभंगाची जबाबदारी तिच्यावर येते.

काय केलं

अपील आणि एचआरला ईमेल दोन्ही एकाच दिवशी, ऑक्टोबरच्या मध्यावर गेले. अपील एका पानाचं होतं. कुणावर आरोप नाही, मुलाच्या आजारपणाची हकीकतही नाही. मुलाच्या क्लेमची तारखेनुसार यादी, प्रत्येकापुढे रुग्णाचा हिस्सा, चालू बेरीज, आणि ती ९,४५० पार करते त्या ओळीखाली रेघ. त्यानंतर २०१६ पासूनच्या नियमाचा उल्लेख आणि एकच मागणी: रेघेखालचे सगळे क्लेम पुन्हा हिशेबात घ्यावेत. मान्य रकमेच्या भाषेत ही रेघ ३४,८५० वर येत होती. त्यातले पहिले ३,१०० डिडक्टिबलचे, उरलेल्या ३१,७५० चे २० टक्के म्हणजे ६,३५०. दोन्ही मिळून ९,४५०.

एचआरच्या ईमेलमध्ये योजनेचा संपूर्ण दस्तऐवज मागितला. लेखी मागणीनंतर तो ३० दिवसांत द्यावा लागतो. तो आला, आणि त्यात एका माणसाच्या सरकारी मर्यादेबद्दल एक शब्दही नव्हता. त्या वर्षी कंपनीने क्लेम पाहणारी संस्था बदलली होती. नव्या संस्थेच्या संगणकात कुटुंबाची एकच मर्यादा भरली गेली होती.

काहीच हाललं नसतं तर केंद्रीय श्रम खात्याच्या एब्सा या, नोकरीच्या विमा योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या विभागाकडे जायचं ठरलं होतं. त्यांचे सल्लागार १-८६६-४४४-३२७२ वर फुकट मदत करतात आणि मालकाशी स्वतः बोलतात. तशी वेळ आली नाही.

दरम्यान आलेला अवघड प्रश्न

अपील गेल्यावर नवऱ्याने बायकोच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला. क्लेमवाल्यांच्या हिशेबाने कुटुंबाचे १४,००० पूर्ण झालेले होते. मग डिसेंबरमध्ये तिचं पित्ताशय काढलं तर एक पैसाही लागणार नाही. पण अपील मान्य झालं तर कुटुंबाची बेरीज खाली येऊन १०,३५० होणार, म्हणजे १४,००० पर्यंत ३,६५० ची जागा पुन्हा मोकळी, आणि तिच्या शस्त्रक्रियेचा २० टक्के हिस्सा त्यात बसणार. योजनेच्या संकेतस्थळावरच्या दरांच्या साधनाने मान्य रक्कम साधारण १४,००० दाखवली होती. हिस्सा २,८००.

"मग अपील शस्त्रक्रियेनंतर केलं असतं तर?" त्याने विचारलं.

उपयोग नव्हता. मुलाचे क्लेम दुरुस्त झाले की त्यानंतरचे सगळे क्लेम नव्या बेरजेने पुन्हा मोजले जातात. तिचाही आपोआप मोजला गेला असता, आणि मार्च-एप्रिलमध्ये अचानक बिल आलं असतं. आम्ही चारही वाटा मांडल्या. अपील नाही आणि शस्त्रक्रिया डिसेंबरमध्ये: वर्षाचे १४,०००. अपील आणि डिसेंबर: ९,४५० अधिक ९०० अधिक २,८००, म्हणजे १३,१५०. अपील करून शस्त्रक्रिया जानेवारीनंतर: २०२४ चे १०,३५०, पण नव्या वर्षात सगळे आकडे शून्यावर, आधी ४,००० चं डिडक्टिबल, मग उरलेल्या १०,००० चे २० टक्के, म्हणजे आणखी ६,०००. एकूण १६,३५०. आणि अपील न करता पुढच्या वर्षी: २०,०००.

पहिल्या दोन वाटांत फरक केवळ ८५० डॉलरचा. नवऱ्याला वाटलं, एवढ्यासाठी एवढी यातायात? मला इथे थांबून विचार करणं भाग पडलं, कारण त्याचं म्हणणं चूक नव्हतं. एका माणसाच्या मर्यादेचा पुरेपूर फायदा घरात एकच आजारी असेल तेव्हा मिळतो. दुसऱ्याचाही मोठा खर्च आला की कुटुंबाची एकत्र मर्यादा तो फायदा हळूहळू गिळते. पण शस्त्रक्रिया डिसेंबरात होईलच याची खात्री काय होती? तारीख रद्द झाली असती, तिला सर्दी-ताप आला असता, तर ३,६५० गेले असते. आणि सगळ्यात आधी ठरवायचं होतं ते सर्जनच्या सल्ल्याने. त्यांनी डिसेंबर चालेल असं सांगितलं, वर्ष उलटवू नका असंही सुचवलं. तेव्हाच १८ डिसेंबरची तारीख घेतली.

निष्पत्ती

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपील मान्य झाल्याचं पत्र आलं. मुलाचे रेघेखालचे क्लेम पुन्हा मोजले गेले, थकलेले २,९०० रद्द झाले आणि जास्त भरलेले ७५० परत मिळायचे ठरले. परतावा योजना देत नाही. ती रुग्णालयाला फरक देते, मग रुग्णालयाने रुग्णाला द्यायचा. त्याला फेब्रुवारी उजाडला आणि बायकोला रुग्णालयाच्या बिलिंग विभागाच्या मागे लागावं लागलं.

तिची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. मान्य रक्कम १४,६०० निघाली, हिस्सा २,९२०. वर्षाची अंतिम बेरीज १३,२७०, आणि मर्यादेबाहेरचे रुग्णवाहिकेचे ६८०.

एचआरने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यात मोलाची वाटते. जानेवारीपासूनचे सगळ्याच कुटुंबांचे क्लेम तपासायला लावले. आणखी काहींना पैसे परत गेले. किती, ते आम्हाला सांगितलं नाही आणि सांगायलाही नको. ज्या नवऱ्याला नजरेत यायचं नव्हतं त्याला बेनिफिट्सच्या प्रमुखांनी आभाराचं पत्र पाठवलं.

वेगळं काय करता आलं असतं

बिलं येतील तशी भरली नसती तर ७५० अडकले नसते. पहिल्या भरतीनंतरच एक कागद घेऊन, माणसागणिक एक रकाना आणि शेवटी कुटुंबाचा एक, असा हिशेब ठेवला असता तर ९,४५० ची रेघ सप्टेंबरमध्येच दिसली असती.

एचएसएचा वापर उशिरा सुचला. २०२४ मध्ये फॅमिली कव्हरेजला कंपनीचे पैसे धरून ८,३०० घालता येत होते, यांचे ३,४०० च होते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पगारांतून त्याने कपात वाढवून जमेल तेवढे घातले. पगारातून गेलेल्या पैशावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा करही वाचतो, म्हणून नंतर स्वतः भरण्यापेक्षा हे बरं. जे राहिले ते १५ एप्रिल २०२५ पर्यंत भरता आले. बचतीतून आधी दिलेल्या बिलांचे पैसे पावत्या दाखवून एचएसएमधून नंतर स्वतःला घेता येतात, हे त्याला माहीत नव्हतं. न्यू जर्सी राज्य मात्र एचएसएला करसवलत देत नाही, कॅलिफोर्नियाही देत नाही. बचत धरायची ती केंद्रीय कराचीच.

पीपीओ घेतली असती तर? त्या योजनेत एका माणसाची मर्यादा ४,५०० आणि कुटुंबाची ९,००० होती, आणि उजवीकडच्या रकान्यात प्रत्येकाची स्वतंत्र मर्यादा असल्याचं वाक्य होतं. वर्षभराचा हप्ता सुमारे ३,६०० ने जास्त. या एका वर्षापुरती ती स्वस्त पडली असती, पण आधीची चार वर्षं हाय डिडक्टिबलने वाचवलेले पैसेही मोजायला हवेत. त्यावरून योजना निवडणं चुकलं असं मी म्हणणार नाही. निवडताना "एकाच माणसाला मोठं आजारपण आलं तर त्याचे जास्तीत जास्त किती?" हा प्रश्न एचआरला ईमेलने विचारून लेखी उत्तर घेणं राहून गेलं, एवढंच.

२०२५ साठी त्यांनी योजना तीच ठेवली. नव्या दस्तऐवजात एका माणसाची मर्यादा आता छापलेली आहे: ९,२००, कारण त्या वर्षी सरकारी आकडा खाली आला. २०२६ साठी तो वाढून एकट्याला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० झाला आहे. आपल्या योजनेतली कुटुंबाची मर्यादा १०,६०० पेक्षा जास्त असेल आणि एका माणसाचा आकडा वेगळा दिलेला नसेल, तर एचआरला विचारायचा प्रश्न तोच आहे.